हाकेला ओ

हळदीच्या दिवशी सकाळी सगळं घर मांडवात होतं आणि नवरीचा बाप मांडवामागे चुलाण्यापाशी. भाताच्या टोपाखाली लाकडं सारायचं काम महादेवने आपणहून मागून घेतलं होतं. धुरात बसलेल्या माणसाचे डोळे ओले झाले तरी कोणी कारण विचारत नाही.

जन्मठेप भोगून तो शिमग्याच्या आधी गावात परतला होता. गेला तेव्हा कोमल पहिलीत होती, आता तिचं लग्न. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरं होती तिथे इमारती झाल्या होत्या, डोक्यावरून विमानं जात होती. गावाने त्याला हाकललं नाही, पण जवळही केलं नाही. तो टपरीवर चहाला गेला की लोक बाकावर सरकून जागा करून द्यायचे. जरा जास्तच सरकायचे.

त्याच्या हातून मेला तो परका नव्हता. मैनाबायचा एकुलता एक लेक, प्रणित. होडीवरून भांडण जुंपलं, दोघांच्या पोटात दारू, महादेवच्या हातात वल्हं. एकच घाव. पोराचं लग्नही झालं नव्हतं.

आणि मैनाबाय गावची धवलारीण. आगऱ्यांच्या घरात तिने लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गायल्याशिवाय हळद लागायची नाही. या गावची रीत अशी, की हळदीआधी धवलारीण मांडवाच्या दारात उभी राहून घरच्या माणसांना एकेक करून गाण्यात हाक घालते. ज्याचं नाव येईल त्याने ‘ओ’ द्यायची. माणूस मेलेला असेल तर त्याच्या घरातल्या जाणत्याने त्याच्या वतीने द्यायची. तीन हाकांना ओ आली नाही, तर ते नाव मांडवाबाहेर राहिलं.

“दादूस, काळजी करू नको,” धाकटा भाऊ जीवन धुरातून वाट काढत आला. “काल मी मैनाबायकडं जाऊन आलो. म्हटलं, बापाच्या जागी माजं नाव घे. तुलाही बरं, आमालाही बरं.”

“मग? काय बोलली?”

“सुपारी कातरत होती, कातरतच राहिली. मग बोलली, उन्हातून आलास, च्या पी.”

“म्हणजे हो का नाय?”

“च्या पाजला ना? मग हो.”

महादेवने मान हलवली. बरं झालं, असं तो स्वतःला सांगत होता. तेवढ्यात त्याची बायको वेणू आली, नवी साडी धुरापासून सांभाळत.

“उठा तुमी तिथून. पोर विचारतेय, पप्पा कुठं हायत.”

“जीवन बसतोय ना.”

“जीवनने जन्म दिला काय तिला?” वेणू म्हणाली आणि तोंड फिरवून निघून गेली.

वाल ढवळणारी शेजारीण जनी हे सगळं ऐकत होती. तिने डाव टोपाच्या काठावर आपटला. “महादेवभाऊ, भात नीट शिजवा हां. नायतर पाव्हणे खातील आणि जामीन मागतील.”

महादेव हसला. परत आल्यापासून त्याची कोणी थट्टा केली नव्हती. थट्टा करायलाही माणूस आपलं लागतं.

मग मांडव एकदम शांत झाला. मैनाबाय आली होती.

वाळलेल्या बोंबलासारखी काटकुळी म्हातारी. पण तोंड उघडलं की ती निराळीच व्हायची. आवाज मोठा नव्हता. खाडीत भरती चढते तसा तो यायचा, गाजावाजा न करता, आणि बघता बघता पाय भिजलेले असायचे. आधी तिने देवांना बोलावलं, गावदेवीला बोलावलं. मग महादेवच्या मेलेल्या बापाला हाक घातली. ती ओ थोरल्या लेकाची, पण जीवनने दिली. म्हातारीने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पुढे गेली. वेणूचं नाव आलं, वेणूने ओ दिली.

“कोमलचे बापाला हाक घाला गो,
महादेवाला मांडवान बोलवा गो…”

ओ द्यायला उघडलेलं जीवनचं तोंड उघडंच राहिलं.

चुलाण्यापाशी महादेवच्या हातातलं लाकूड गळून पडलं. तुरुंगात रोज सकाळी त्याचं नाव पुकारलं जायचं आणि तो ‘हजर’ म्हणायचा. कोंडलेला माणूस जागेवर आहे की नाही, एवढंच बघायची ती हाक. आत ये म्हणून इतक्या वर्षांत त्याला कोणी हाक मारली नव्हती.

दुसरी हाक आली. आवाज तसाच, ना चढलेला ना उतरलेला. पाटावर बसलेली कोमल वळली आणि मांडवाच्या पडद्याकडे, धुराकडे बघत राहिली. कोणीच हललं नाही. जनी दबक्या आवाजात म्हणाली, “अवो उठा की! ती काय रोज बोलवणार हाय?”

तिसऱ्या हाकेला तो मांडवाच्या कडेला येऊन उभा होता. केसांत राख, हात काळे.

“ओ,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मैनाबायच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ना राग, ना माया. गाणं मात्र थांबलं नाही.

“गावाचे लेकाला हाक घाला गो,
प्रणितला मांडवान बोलवा गो…”

बायकांनी तोंडाला पदर लावले. प्रणित अर्ध्या गावाचा नात्यातला, पण तो गेल्यापासून त्याचं नाव कुठल्याच मांडवात आलं नव्हतं. येणार कसं? त्याच्या घरात ओ द्यायला उरलं कोण होतं? बाप आधीच वारलेला. आई तर हाक घालणारी, आणि आपल्याच हाकेला धवलारणीला ओ देता येत नाही. दर लग्नात ती सगळ्या गावाच्या मेलेल्यांना आत घेत होती आणि तिचा पोर तेवढा दाराबाहेर उभा राहत होता.

तिने दुसऱ्यांदा हाक घातली. आता ती सरळ महादेवकडे बघत होती.

मग त्याला उमगलं. ते घर रिकामं त्याने केलं होतं. त्या घराची ओ त्याच्याकडे मागितली जात होती. न्यायाधीशाने सुनावलेली शिक्षा एक दिवस संपली होती. या शिक्षेला शेवट नव्हता, आणि तरी ही शिक्षा म्हणावी तर तिने त्याला मांडवात घेऊन दिली होती. कुठल्या तोंडाने द्यायची ओ? आणि नाही दिली, तर तो पोर पुन्हा बाहेर.

तिसरी हाक आली, आणि त्या एका नावावर म्हातारीचा आवाज पहिल्यांदा कापला.

“ओ!” महादेवने छाती भरून ओ दिली.

मैनाबायने डोळे मिटले. मग तिने पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. सगळी नावं झाली तशी तिने हळदीची वाटी महादेवसमोर धरली. “हात धू आणि लाव पोरीला.”

दुपारी पंगत उठल्यावर ती चुलाण्याकडे आली. महादेव तिच्या पायांशी वाकायला लागला, तशी ती मागे सरली.

“वाकू नको. माफ केलं असं गावात सांगत फिरू नको. नाय केलं मी.”

“नाय सांगणार, मैनाबाय.”

“बाळूच्या घरी येत्या रविवारी हळद हाय. मी हाक घालीन. तू यायचंस. पुढंही, जिथं जिथं मी गाईन तिथं.”

“येईन.”

“आणि पुढं येऊन बस. पयल्या हाकेलाच ओ दे. तीन-तीन वेळा ओरडायला माजा गळा आता काय जवान नाय.”

एवढं बोलून ती खाडीकडच्या वाटेला लागली. महादेव उभा राहून तिच्या पाठीकडे बघत राहिला. इतकी लहानशी पाठ. तिच्यावर हे सगळं कसं मावलं, हे त्याला कळेना.