दारामागचा खर्ज

चष्मेवाल्याने सबवूफरचा अभ्यास सुरू केला, तेव्हाच बायकोने ओळखलं की आता घरात दुसरा विषय निघणार नाही. गिऱ्हाइकाला चुटकीसरशी फ्रेम निवडून देणारा हा माणूस स्वतःसाठी साधी छत्री घ्यायची म्हटली तरी महिनाभर घोळ घालायचा. इथे तर प्रश्न खर्जाचा होता. हॉलमध्ये प्रोजेक्टर होता, पडदा होता, दोन बऱ्यापैकी स्पीकर होते. नव्हता तो फक्त खालचा, छातीत घुमणारा आवाज काढणारा डबा, म्हणजे सबवूफर. तो आला की घराचं थिएटर होणार आणि थिएटर झालं की आई रविवारी सिनेमाला बसणार, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

खरी मेख तिथेच होती. आईने उभी हयात एका थिएटरच्या दारावर काढली होती. तिकिटं फाडायची, बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायची. पुढे थिएटर बंद पडलं, गुडघे कुरकुरायला लागले आणि ती मुलाकडे राहायला आली. पण रविवारी सिनेमा लागला की "तुम्ही बघा" म्हणून ती आपल्या खोलीत निघून जायची. जिने लहानपणी आपल्याला झोपताना सिनेमाच्या गोष्टी सांगितल्या, ती आपल्या पडद्यासमोर पाच मिनिटं टेकत नाही, हे त्याला फार लागलं होतं. हे तो कोणाजवळ बोलला नाही. सबवूफरचे तक्ते तेवढे वाचत राहिला.

बजेट बायकोने ठरवलं होतं, त्यामुळे त्यावर चर्चा नव्हती. तेवढ्या पैशांत स्पीकरच्या दुकानात दोनच डबे बसत होते. एक नवा, लहानसा, चकचकीत काळा, चारी बाजूंनी बंद. दुसरा कोणीतरी वापरून विकलेला, लाकडी, छोट्या कपाटाएवढा, समोर मूठ जाईल एवढं भोक आणि कोपऱ्याचा टवका उडालेला.

"मोठा न्या," दुकानदार म्हणाला. "जरा आडदांड आहे, पण खोल जातो. हा छोटा आपला सभ्य आहे."

"मला सभ्यच हवाय," चष्मेवाला म्हणाला आणि भोकाचा डबा आवाज कसा फुगवतो, बंद डबा कसा मोजकं बोलतो, हे त्याने दुकानदारालाच समजावून सांगितलं. दुकानदार ऐकून घेत खोकं बांधत होता.

घरी आल्यावर वेगळाच प्रकार सुरू झाला. डबा कुठे ठेवायचा हे ठरवायची एक रीत त्याने वाचली होती. जिथे ऐकणारा बसणार तिथे डबा ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज घट्ट ऐकू येईल, ती डब्याची जागा. त्याप्रमाणे डबा कोचावर ऐटीत बसला आणि घरचा कर्ता पुरुष टीपॉयखालून रांगायला लागला.

"आई, बघा तुमचं बाळ," बायको म्हणाली.

"रांगायचं राहूनच गेलं होतं त्याचं," आई दारातून म्हणाली. "उभाच राहिला एकदम. आता भरून काढतोय."

"हसा," तो कोचाच्या मागून म्हणाला.

रविवारी त्याने आईला हाताला धरून मधल्या जागेवर बसवलं. लढाईचा सिनेमा मुद्दाम निवडला होता. आई हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशी बसली. थोड्या वेळाने "छान आहे हो" म्हणाली आणि हळूच उठून गेली. तो पडद्याकडे बघत राहिला, पण त्याचं लक्ष उडालं होतं. शेवटी सिनेमा थांबवून तो बाहेर आला, तर आई खोलीत नव्हती. पॅसेजमध्ये, हॉलच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसली होती.

"इथे काय करतेस? तुझ्यासाठी एवढं केलं मी."

"माहीत आहे रे. पण मला समोर बसून जमत नाही. सवयच नाही."

"सवय नाही? सगळे सिनेमे पाहिलेस तू."

"कधी पाहिले? लोक आत बसले की दार ओढून बाहेर बसायचं, हे माझं काम. पाठीला दार असायचं, त्यातून कळायचं. धाडधाड झालं की मारामारी. बारीक थरथर राहिली की काहीतरी वाईट होणार." तिने दारावर हात ठेवला. "तुझं हे दार हलत नाही. गुळगुळीत आहे तुझा डबा."

आई सगळे सिनेमे फुकट बघते, अशी बढाई चष्मेवाल्याने शाळाभर मारली होती.

"मग त्या गोष्टी?"

"थोड्या दारातून यायच्या. बाकीच्या मी मनाने रचायचे. तू 'मग' म्हणायचास, मला पुढे काहीतरी सांगावंच लागायचं."

दुसऱ्या दिवशी तो सभ्य डबा घेऊन दुकानात हजर झाला. दुकानदाराने काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. आडदांड डबा बदलून मिळाला, तो वर चढवताना दोघा नवरा-बायकोची कंबर ढिली झाली. मग पुन्हा तीच रीत. ऐकणारी पॅसेजमध्ये बसणार, म्हणून डबा पॅसेजमध्ये, थेट आईच्या स्टुलावर चढला. दार बंद झालं आणि आत चष्मेवाला रांगायला लागला. दाराशेजारी, जिथे बायकोची मोठी कुंडी होती, तिथे खर्ज सगळ्यात घट्ट ऐकू आला आणि "सापडली जागा, कुंडीपाशी!" असं तो आतून ओरडला.

"कुंडी हलणार नाही," बायको बाहेरून म्हणाली.

तो कुंडीपाशीच ओणवा राहिला. थोड्या वेळाने तिने दार उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच कुंडी बाल्कनीत सरकवली.

पुढच्या रविवारी सिनेमा लागला. आईने रीतसर दार ओढून घेतलं. आत भोकाचा डबा दाराशेजारी घुमायला लागला. आवाज फुगत होता, तक्त्यांत लिहिलं होतं अगदी तसा, आणि कपाटातल्या वाट्याही वाजत होत्या. चष्मेवाल्याला कोचावर बसवेना. त्याने दोनदा दाराकडे पाहिलं.

"जा," बायको म्हणाली. "एवढा खर्च करून शेवटी बाहेरच बसणार आहेस, हे मला माहीत होतं."

तो बाहेर आला. आईने डोळे मिटले होते. तिने न विचारताच सरकून अर्धं स्टूल मोकळं केलं. तेवढ्यावर तो जेमतेम टेकला आणि दाराला पाठ लावली. दार थरथरत होतं, पार मणक्यापर्यंत.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"थांब," आई म्हणाली. "जहाज आहे. पाणी शिरलंय खालून, वरच्यांना पत्ता नाही. एक पोरगा आहे तळाशी. त्याची आई त्याला शोधतेय."

सिनेमा त्याने आधी पाहिलेला होता. पडद्यावर आत्ता एक रिकामा ट्रक पूल ओलांडत होता.

"मग?" तो म्हणाला.