सहा हजार वर्षांचा शेजार

दिवस कलला की केळीच्या पानांची फाटकी किनार आधी तांबूस आणि मग जांभळी होई, पंपाची धडधड सवयीने ऐकू येईनाशी होई, आणि पाटातून आळ्याआळ्यात शिरणाऱ्या पाण्याच्या खळखळीवर एक जाडसर, किंचित घोगरा स्वर तरंगत येई: आदाम, शेथ, अनोश, केनान. वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात इतर घरांतून त्या वेळी रोझरीची, जपमाळेची, कुजबुज ऐकू येत असे. आमच्या कुंपणापलीकडे मात्र बायबलातल्या आदिपुरुषांची हजेरी चाले. प्रत्येक नावामागे त्याच्या आयुष्याची वर्षं, एकात दुसरी मिळवत, हातचा बोटावर धरून. एका आळ्याला एक कुलपुरुष. मथुशलहाच्या केळीला पाणी साहजिकच जास्त मिळे, कारण त्या गृहस्थाने मरायचं नाव लवकर घेतलं नव्हतं. प्रलयातल्या नोहापर्यंत पोचेस्तोवर सगळी वाडी तुडुंब भरलेली असे, आणि त्या काळी मला तो योगायोग फार विनोदी वाटे.

हे माझे धाकटे दीर, इनास. गाव त्यांना नावानेच हाक मारी, मी भाऊजी म्हणे. उंच, जरा पुढे झुकलेले, फळाच्या भाराने वाकलेल्या केळीसारखे. पण केळीला आपण बांबूचा टेकू देतो, त्यांना तो कुणी दिला नव्हता. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच्या तळहाताकडे पाहत, जणू सांगायचं ते तिथेच कुठेतरी मातीने पुसट झालेलं आहे. वडिलार्जित घराची पूर्वेची बाजू त्यांची, पश्चिमेची आमची. मध्ये जास्वंदीचं कुंपण. त्या कुंपणाच्या एका बाजूला पृथ्वी सहा हजार वर्षांची होती आणि दुसऱ्या बाजूला अब्जावधी वर्षांची, आणि दोन्ही पृथ्व्यांवर पाणी एकाच विहिरीचं जात होतं.

अब्जावधींच्या बाजूला मी होते. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. वसईच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये रोझरीच्या शेजारी लिटमस कागदाची पुडी. कुणाकडे पाहुणचाराला गेले आणि कोकमाचं सरबत पुढे आलं, की विचारलं नसताना त्यात निळा कागद बुडवून तो लाल झालेला यजमानांना दाखवायचा, हा माझा सभ्यपणा. आज ती बाई समोरून येताना दिसली तर मी निमूट गल्ली बदलेन. आमचे हे मुळातच मितभाषी. त्यांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही, म्हणूनच तर संसार झाला. वाद घालायला भाऊजी होते.

पण ते जन्मापासून असे नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांना पृथ्वीच्या वयाची काडीची पर्वा नव्हती. त्यांना पर्वा होती जसिंताची. जसिंता म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. पहाटेच्या निळसर अंधुकतेत सोनचाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधून दादरच्या बाजारासाठी पुडे करणारी, आणि पुडा बांधता बांधता हसू आलं तर दोरा दातात तसाच धरून हसणारी. तिच्या असण्याला चाफ्याचा वास होता असं लिहिलं तर ते अलंकारिक वाटेल. पण तो खरोखरच होता, बोटांच्या पेरांत मुरलेला. एका वर्षी पाऊस सरता सरता काविळीने तिला नेलं. डोळ्यांचा पांढरा भाग चाफ्याच्या पाकळीसारखा पिवळा झाला होता, आणि भाऊजींनी त्यानंतर कितीतरी दिवस त्या झाडांकडे पाहिलं नाही.

दफनाहून परतल्यावर ओटीवर माणसं बसली होती. समजूत घालणारी एक म्हातारी म्हणाली, "देवाला चांगली फुलं हवी असतात, इनास. तो खुडून नेतो."

भाऊजी तळहाताकडे पाहत होते. आवाज न चढवता म्हणाले, "मी कळी खुडतो ती बाजारात पाठवायला, मावशी. देवाचा बाजार कुठे आहे?"

फुलं पिकवणाऱ्या माणसाला फुलांची उपमा देऊन फसवता येत नाही, हे त्या बिचारीच्या लक्षात आलं नव्हतं.

मग ते कधीतरी नालासोपाऱ्याला केळी पोचवायला गेले. तिथे नव्या इमारतींच्या दाटीत, एका भाड्याच्या खोलीत, रविवारी दुपारी जमणारी एक लहानशी प्रार्थनासभा होती. त्या लोकांनी त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, की देवाने जग सहा दिवसांत केलं, उणीपुरी सहा हजार वर्षं झाली असतील. ते पूर्ण होतं, निर्मळ होतं, त्यात काटा नव्हता आणि मरण नव्हतं. मरण नंतर आलं, माणसाच्या चुकीमागून, आगंतुकासारखं. भाऊजी घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, बराच वेळ पाण्याखाली राहून वर आलेल्या माणसाचा असतो तसा भाव होता. मरण देवाच्या घरचं नाही. जसिंताला खुडणारा हात देवाचा नव्हता. एवढं त्यांना पुरलं. बाकीची सहा हजार वर्षं त्या एका वाक्याच्या राखणीला आली.

हे मला तेव्हा कळलं असतं तर मी शहाणी ठरले असते. मी आकड्याशीच झुंजत राहिले. मला वाटे, आकडा चुकला आहे, तो दुरुस्त केला की झालं. शाळेच्या वहीत लाल शाईने करतात तसा. त्यांच्या लेखी तो आकडा नव्हताच, ते कुंपण होतं, मरणाचं ढोर देवाच्या वाडीत शिरू नये म्हणून स्वतःच्या हातांनी विणलेलं.

आमची भांडणं पाणी देण्याच्या वेळेला, जास्वंदीवरून चालत.

"भाऊजी, मरणच नव्हतं म्हणता, तर मगरीला ते दात कशाला दिले? केळी सोलायला?"

"फणस फोडून बघा एकदा हातांनी, वहिनी. मग दातांचा हिशेब विचारा."

"आणि तेव्हाचं तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही होता तिथे?"

"नव्हतो. तुमचे पुस्तकवाले तरी कुठे होते? जो होता त्याचं मी ऐकतो."

मग ते हसत, केळफूल सोलल्यावर आतून एखादा पांढरा कोवळा पदर अचानक दिसावा तसं, आणि लगेच मिटत. विज्ञानाशी त्यांचं वैर नव्हतं. खत किती घालावं, पंपाची मोटर का तापते, हे ते मलाच विचारत आणि माझं ऐकत. आजची माती माझी, आरंभीची माती त्यांची, अशी त्यांनी वाटणी केलेली होती.

त्या वाटणीत ते फार एकटे पडले. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसत. आमचे फादर समजूतदार, ते खांद्यावर हात ठेवून म्हणत, "इनास, पृथ्वी म्हातारी निघाली म्हणून ख्रिस्तसभेला भीती वाटत नाही. ते सहा दिवस कवितेसारखे वाच." आणि भाऊजी मान हलवत, कारण फादरांचा मान राखायचा असतो, पण कविता त्यांना नको होती, त्यांना घडलेलं हवं होतं. मूर्ती न मानणारी नालासोपाऱ्याची मंडळी उलट म्हणत, की घरात मरियामातेची मूर्ती ठेवून आमच्यात कसा बसतोस. ती मूर्ती जसिंताने माहेरून आणलेली होती. हळूहळू तिथलंही जाणं थांबलं. देवाला मानणाऱ्यांच्या गावात देवाच्याच बाबतीत एकाकी पडणं, हे एकटेपण वेगळ्या जातीचं असतं. त्याला सहानुभूतीही मिळत नाही, कारण बाहेरून सगळं भरलेलंच दिसतं. नाताळात त्यांच्या दाराला चांदणी लागे, तिच्यातला दिवा रात्रभर जळे, आणि त्या उजेडात ओटीवरची एकच खुर्ची दिसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टँकरवाल्यांनी आमच्या बाजूचं पाणी उपसून नव्या वस्त्यांना नेलं आणि विहिरी खाली गेल्या. भाऊजींनी विहीर खोल करायला घेतली. काळसर, गार, जुन्या भरतीचा वास असलेला चिखल वर येऊ लागला आणि त्यात शिंपले. एका संध्याकाळी ते कुंपणाशी आले आणि तळहात पुढे केला. त्यावर एक शिंपला होता, दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या.

"वहिनी, मेलेला शिंपला उघडतो. तुम्हीच रांधताना सांगता. हा बघा, मिटलेला. म्हणजे उघडायच्या आत गाडला गेला. एका दमात. प्रलयात."

तेव्हाची मी याच क्षणासाठी जन्मलेली होते. "भाऊजी, तो राहतोच चिखलात. चिखलातच मेला. उघडायला जागा कुठे होती त्याला?"

आणि एवढ्यावर न थांबता, तो शिंपला रुमालात बांधून मी कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे घेऊन गेले. त्यांच्या तोंडून लक्षावधी वर्षं वदवून आणायची आणि कुंपणावर मांडायची, असा माझा डाव. त्यांनी तो उलटसुलट केला आणि निरुत्साहाने परत दिला. "बाई, ही तर कालची गोष्ट. तुमच्याकडे समुद्र इतक्यातच मागे सरला. चार-पाच हजार वर्षं, फार तर सहा."

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, बाई बरं वाटत नाही का. पण भाऊजींना सांगितलं, शब्द न गाळता. ते ऐकून जिंकल्यासारखे हसतील अशी मी मनाची तयारी केली होती. ते हसले नाहीत. आत जाऊन केळ्यांची एक पिकलेली फणी आणून माझ्या हातात ठेवली, हरलेल्याला बक्षीस म्हणून, आणि तळहाताकडे पाहत म्हणाले, "हा एक माझ्या बाजूचा निघाला. पण तुमच्या डोंगरांत म्हणे कोटी कोटी वर्षांची हाडं आहेत. ती खरी असतील तर काय, सांगू? देवाने 'छान झालं' म्हणून बागेकडे पाहिलं तेव्हा त्या बागेखाली आधीच दफनभूमी होती. मग जसिंताचं जाणं त्या छानातच आलं. ते मला चालणार नाही, वहिनी."

त्या दिवशी पश्चिमेकडे उजेड बराच वेळ रेंगाळला. फणी हातात घेऊन मी उभी राहिले. लाल शाई कुठे लावायची ते मला सुचेना.

पुढची काही वर्षं आम्ही मगरीच्या दातांवर आणि हत्ती नोहाच्या तारवात कसे मावले यावर भांडलो, पण त्या हाडांवर नाही. मग त्यांच्या छातीत पाणी झालं. पायऱ्या चढताना थांबू लागले, मग ओटीवरच राहू लागले, आणि केळी स्वतःच्या अंगभूत समजुतीने वाढू लागल्या. फादर येऊन आजाऱ्यांना लावतात ते पवित्र तेल लावून गेले. मी रोज तिन्हीसांजेला पेज घेऊन जाई. एका संध्याकाळी, चर्चची घंटा होऊन गेल्यावर, पेजेची वाटी तशीच धरून त्यांनी पहिल्यांदा तळहाताकडे न पाहता सरळ माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, आता खोटं बोलू नका. मरण आधीपासून होतं?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की उत्तर येत असेल तर हात वर करा. माझा हात वर जाईना. पण त्यांच्याशी खोटं बोलणं हा त्यांचा अपमान झाला असता.

"होतं, भाऊजी. जे जे पाहिलं, वाचलं, त्यावरून होतं." मग श्वास घेतला. "पण जसिंता गेली, ते मला अजून पटलेलं नाही. कुठल्याही पुस्तकाने सांगितलं तरी पटणार नाही. ते छान नव्हतं."

मग त्यांच्या गालाची एक सुरकुती हलली. "म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूच्या."

"तेवढ्यापुरती."

"तेवढंच तर सांगत होतो इतकी वर्षं," ते म्हणाले, आणि पेज प्यायले.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका कोरड्या, स्वच्छ सकाळी ते गेले. त्यांना जसिंताच्या शेजारी ठेवलं.

आता त्यांची वाडी खंडाने दुसरा कुणी करतो. तो पाणी देताना मोबाइलवर गाणी लावतो. मी निवृत्त आहे, आजी आहे, माझ्या खुर्चीवर निवांत बसून पृथ्वीचं वय सांगत असते. नात पुस्तकातून मान वर न करता म्हणते, हो आजी, माहीत आहे. मुलगा म्हणतो बरोबर आहे, सून म्हणते बरोबर आहे. मगरीच्या दातांचा विषय मी दोनदा मुद्दाम काढून पाहिला. कुणी फणसाचं नाव घेतलं नाही. सगळे माझ्याशी सहमत आहेत आणि घर इतकं शांत आहे, की जास्वंदीचं फूल गळून पडलेलं ऐकू यावं. अब्जावधी वर्षांच्या त्या अथांग विस्तारात, कुंपणापलीकडून कुणीतरी मला 'नाही' म्हणत होतं तेवढी दहा-पंधरा वर्षंच काय ती बोलकी. त्यांच्या आधीचा सगळा काळ मुका, आणि त्यांच्या नंतरचाही.