चिंचेखालची बकरी

देवानं मला आवाज दिला आणि थांबायची अक्कल द्यायला तो विसरला, असं माझी बायको रोशनी म्हणते. ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. ब्रह्मपुरीच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक म्हणून नगरहून आलो त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. या आवाजाची खरी हौस वर्षातून एकदा फिटायची. पिकांच्या सणाला, लिलाव पुकारताना.

लवकर येणारं हलकं धान निघालं की लोक नव्या पिकातलं पहिलं चर्चला आणतात. तांदूळ, भोपळे, कोंबड्या, ज्याच्या घरी जे निघालं ते. उपासना झाली की तिथंच लिलाव. भाजी-धान्य वेदीपुढे मांडायचं आणि जनावर दारातल्या चिंचेला बांधायचं, ही जुनी रीत. कोणी काय आणलं हे विचारायचं नाही, हा नियम मात्र माझा. त्याआधी दोन वर्षं कोणाचा भोपळा मोठा यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी भडकून जाहीर केलं की यापुढे अर्पणाला नाव नाही, देणारा जाणे आणि देव जाणे. या नियमाचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी चिंचेखाली एक काळा बोकड आणि एक काळी बकरी होती. बकरीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. लिलावाला बाजारातलेही चार लोक यायचे. मटणवाला रहीम तर दरवर्षी हजर. त्याच्याकडे त्या संध्याकाळी एका लग्नाच्या जेवणाची ऑर्डर होती आणि जनावरं कमी पडत होती. बोकड त्यानं घेतलाच, मग बकरीवरून त्याची एका जीपवाल्याशी चुरस लागली. मीही रंगात आलो. बकरीच्या डोळ्यांचं कौतुक केलं, चालीचं केलं, लोक पोट धरून हसले. एक वार, दोन वार, तीन वार. रहीमच्या माणसानं दोरी सोडली. जाताना बकरी मागं वळून ओरडली, त्यावरही मी एक विनोद केला.

लिलाव आटोपून घाम पुसत होतो, तेवढ्यात आमच्या घराच्या मागच्या दारानं मंगली आली.

मंगली जंगलाकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड बाई. नवरा नव्हता. गाणी ऐकायला म्हणून एका रविवारी आली आणि मग येतच राहिली. चारच रविवार झाले होते. तिचा दीर कोलू तिला बजावत होता की तिथं गेलीस तर एक दिवस अंगावरचं लुगडंसुद्धा घेतील. हे तिनंच मला हसत सांगितलं होतं. आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "मंगलीबाई, आमच्या दारात तुमच्या काडीलाही कोणी हात लावणार नाही."

लिलाव चालू असताना ती आमच्या घरात होती. तिची मुलगी सुकरी बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ बारा दिवसांचं. रोशनी मंगलीला झबली-टोपडी काढून देत होती. आता ते गाठोडं काखेत धरून ती चिंचेकडे पाहत उभी राहिली.

"पास्टरभाऊ, माही बकरी कुठी हाय जी?"

घाबरलो की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. "तुम्ही ती चिंचेला बांधलीतच कशाला?" मी तिच्यावरच ओरडलो.

"सावली तिथीच होती," ती म्हणाली.

मी खाली मान घालून सांगितलं की बकरी मी विकली, रहीमला. ती म्हणाली, "घरी सोडली तं लोकाच्या धानात शिरते, म्हणून संग आणली. सुकरीले दूध येत नाई जी. लेकरू तिच्याच दुधावर हाय."

"उभे काय राहिलात?" रोशनी मला म्हणाली. "सायकल काढा."

उपासनेचा झगा काढायचंही भान राहिलं नाही. मागं कॅरिअरवर मंगली, तिच्या मांडीवर गाठोडं, आणि पुढं पांढऱ्या झग्यातला मी. अर्ध्या बाजारात झगा चेनमध्ये अडकला आणि टर्रकन फाटला. पानठेल्यावरून कोणीतरी विचारलं, "पास्टर, लग्न लावाले चालले का पळून चालले?" एरवी मी उतरून त्याची खरडपट्टी काढली असती. सहा वर्षांत मी कितीतरी जणांसाठी सुंदर शब्दांत प्रार्थना केली होती. त्या रस्त्यावर मला दोनच शब्द सुचले. थांबव त्याला. संध्याकाळी ते बाळ भुकेनं रडणार, आणि कोलू म्हणणार, मी सांगत होतो ना. आणि त्याचंच खरं ठरणार.

रहीमच्या अंगणात दोन धडं टांगलेली होती. खाली जमिनीवर ओलं काळं कातडं पडलं होतं.

सायकल धरून मी दारातच उभा राहिलो. मंगली माझ्याकडे न पाहता पुढं गेली, कातड्याशी बसली आणि हातानं ते उलगडून डोक्याकडचा भाग पाहिला. पांढरा ठिपका नव्हता. ते बोकडाचं होतं. तिनं तिथूनच हाक मारली, "सोने." घराच्या आतून बकरी ओरडली.

रहीम बाहेर आला. त्याच्यामागं त्याची बायको शगुफ्ता, हातात झाकलेला लोटा.

"तुमच्याकडंच येऊन राह्यलो होतो पास्टरसाहेब," रहीम म्हणाला. "तिथी गर्दीत मी बी पाह्यलं नाई. इथी आणली तं कास भरलेली. असली दुधाची बकरी दानात कोण देते? म्हटलं, हिच्यामागं कोणाचं तं लेकरू असन."

"ओरडून राह्यली होती, म्हणून धार काढली," शगुफ्ता मंगलीला म्हणाली. "दूध तुमचंच हाय बाई. घेऊन जा."

मी बकरीचे डोळे वाखाणले होते, चाल वाखाणली होती. कास मलाही दिसत होती, पण मी बोलण्यात गुंतलो होतो. मी ओट्यावर बसलो आणि चक्क रडलो. सुटलो, एवढंच वाटत होतं. रहीम अवघडून म्हणाला, "चहा घेता का?" मी पैशाचं काढलं तर म्हणाला, "ते उद्या पाहू. पहिले बाईले पोचवा. मले दुसरी बकरी शोधाले जा लागते."

मंगली बकरी घेऊन पुढं आणि दुधाचा लोटा सांभाळत मी मागं, असे आम्ही टोल्यावर पोचलो. कोलू दारातच होता. मंगलीनं सांगण्याआधी मीच सांगितलं, "तुमची बकरी मी विकली होती. चूक माझी." त्यानं माझ्या फाटक्या झग्याकडे पाहिलं. मग आत जाऊन माझ्यासाठी खाट घेऊन आला. आत सुकरीनं दूध गरम केलं आणि बाळ चमच्यानं प्यायला लागलं. ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी मी भर मंडळीत चूक कबूल केली. नियमही मोडीत काढला. यापुढे जनावराला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची. पण माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. एक गीत झालं, दुसरं झालं, मंगली नाही. ती आता येत नाही, असं धरून मी प्रवचनाला उभा राहिलो, तेव्हा बाहेर बकरी ओरडली. मंगली आत आली आणि खिडकीशी बसली. गजांतून दोरी आत आली होती आणि तिचं टोक मंगलीच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं.

उपासनेनंतर मी हळूच विचारलं, "मंगलीबाई, अजून भरवसा नाही का आमच्यावर?"

"भरवसा नसता तं आली असती का जी?" ती म्हणाली. "पण तुमी बोलाले लागले का थांबत नाई. म्हणून दोरी हातात ठेवली."

रोशनी शेजारीच उभी होती. आजही माझं प्रवचन लांबलं की ती बसल्या जागेवरूनच मला आपलं मनगट दाखवते, आणि मी आमेन म्हणतो.