ताटीबाहेर

गोदाबाईंनी पानवेलीचा सुटलेला शेंडा आधाराच्या शेवरीच्या झाडाला टेकवला आणि केळीच्या ओल्या सोपटाची सैलशी गाठ मारली. तेवढ्यात चपलांचा आवाज मळ्याच्या ताटीपाशी येऊन थांबला. डावं पाऊल जरा घासत टाकणारी ती चाल दहा वर्षांनी कानावर पडली, तरी त्यांनी न वळताच ओळखली.

"आली काय वं पोरी?"

"आली."

लेक, प्राजक्ता, ताटीबाहेरच उभी राहिली.

अंजनगावात गोदाबाईंच्या पानमळ्याचे आता चारच वाफे उरले होते, पण रीत जुनीच होती. चपला ताटीबाहेर, आंघोळीशिवाय आत पाऊल नाही, आणि बाईला महिन्याचे चार दिवस मळा बंद. वेलीला विटाळ सोसत नाही, असं त्यांना सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने.

प्राजक्ता सतरा वर्षांची असताना आठवड्याभरात सारा मळा काळा पडला. "त्या दिवसांत आत कोण शिरलं होतं?" गोदाबाईंनी चार बायांदेखत विचारलं. बापाची भाकर द्यायला गेलेल्या पोरीने खाली मान घालून कबूल केलं. बापाने वेली उपटल्या. पुढे वर्षभर घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. बारावी झाल्यावर ती मावशीकडे अकोल्याला गेली, तिथे शेतकी शिकली, आणि रत्नागिरीकडे समुद्रात शेवाळाची शेती करायच्या कामाला लागली.

मुळाशी पाणी साचून बुरशी लागली होती, असं नंतर तपासायला आलेल्या माणसाने सांगितलं. ते गोदाबाईंनी लेकीला कधी सांगितलं नाही. फोनवर असलं कसं बोलायचं? आज बोलायचं होतं.

"समुद्रानं पार काळी केली तुले."

"तू त सावलीत राहून बी काळीच हायेस."

दोघी हसल्या. हसू लवकर संपलं.

"आत ये नं."

प्राजक्ता हलली नाही.

"ये वं. कोणताबी दिवस असू दे, मी म्हणून राहिली नं." गोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मळा तुयानं नव्हता गेला. मुळाशी पाणी साचलं होतं. मले मंग समजलं."

"मले बी माहीत हाये, माय. कॉलेजात शिकवलं."

गोदाबाईंच्या हातातलं सोपट हातातच राहिलं. इतकी वर्षं जे गिळून बसल्या, ते लेकीला केव्हाचंच ठाऊक होतं.

प्राजक्ता ताटीची एक काडी नखाने सोलत बोलू लागली.

"औंदा आमचं शेवाळ गेलं. समुद्राचं पाणी तापलं. बांबूच्या तराफ्याले दोऱ्या, दोऱ्यांले शेवाळाचे तुकडे, असं बांधतो आमी. तुयीच गाठ शिकवली मी सगळ्या बायांले. एका सकाळी पाह्यलं, त शेंडे पांढरेफट. हात लावला की गळून पडत."

"मंग?"

"तीस बायांची मेहनत होती. सगळ्या माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या." ती थांबली. "आन् मी इचारलं, त्या दिवसांत पाण्यात कोण उतरलं होतं? तुयाच आवाजात, माय."

गोदाबाईंनी शेवरी धरली.

"प्रतीक्षा म्हणून हाये. नवीनच लग्न होऊन आलेली. तिनं हात वर केला. पाणी तापल्यानं झालं, हे मले पक्कं माहीत. तरी मी तिले म्हटलं, उद्यापासून येऊ नको."

काडी तुटली.

"काहून म्हटलं असन मी?"

गोदाबाई वळल्या, वेलीपाशी गेल्या आणि एकेक पान खुडू लागल्या, कोवळं नाही, जून नाही, नेमकं तयार झालेलं. ओंजळ भरली तेव्हा डोक्यावरचं फडकं सोडून त्यांनी ते बादलीत भिजवलं, त्यात पानं गुंडाळली आणि ताटीवरून पुढे केली.

"त्या प्रतीक्षाले देजो."

"पोचेपर्यंत सुकतीन."

"वाटेत फडकं भिजवत जाजो."

प्राजक्ताने गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. गोदाबाईंनी ताटी उघडली आणि तशीच धरून ठेवली.

ताटीबाहेर लेकीच्या पायांत चपला तशाच होत्या.