रक्ताने दिलेले तीन महिने

मार्गशीर्षाचे कोवळे, केशरी ऊन देवरुखच्या डोंगरउतारावर पसरले होते. आंब्याला पहिला मोहर फुटला होता. लेकीची पाठवणी होऊन चार दिवस झाले होते, आणि हेमलता अहेराच्या साड्या कपाटात लावत होती.

साड्यांखाली एक पाकीट सापडले. वर तिचे नाव, आत तिच्या रक्ताचा अहवाल. तारीख सप्टेंबरातली!

दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली होती. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती रक्त देई, आणि अहवाल आणायला नवरा, श्रीरंग, जाई. गाठीचा एखादा चुकार अंश मागे उरला, तर स्कॅनमध्ये दिसण्याच्या कितीतरी आधी ही तपासणी त्याला रक्तात हुडकते. केवढी ती विद्या! केवढी ती सूक्ष्मदर्शी, अविश्रांत प्रज्ञा! या तपासणीने सप्टेंबरातच बजावले होते : आजार उरला आहे, लगेच या.

आणि या घराने तो इशारा साड्यांखाली दडपला. वा रे शहाणे!

"लग्नघरात रडारड नको, म्हणून," श्रीरंग पुटपुटला. "दादापण म्हणाले, एकदा अक्षता पडू देत."

"मला 'सगळं छान आहे' म्हणालात. मी देवापुढे साखर ठेवली हो!" तिचा आवाज चिरकला. "रक्त माझं, मरण माझं, आणि ठरवणार तुम्ही दोघे भाऊ?"

संताप, नुसता संताप! भर दुपारच्या कातळासारखा तापलेला, अनवाणी पाऊल पोळवणारा. त्याच संतापात ती दुसऱ्या दिवशी शहरातल्या रुग्णालयात गेली; मागोमाग श्रीरंगही.

डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन उजेडाकडे धरला. यकृतात डाग होता.

"उपचार आहेत," त्या म्हणाल्या. "पण तीन महिन्यांपूर्वी आला असतात, तर वाट सोपी होती."

श्रीरंग रडला. हेमलताने त्याला रडू दिले.

परिचारिकेने नवा फॉर्म पुढे केला. "रिपोर्ट कुणाला कळवायचा, काका?"

सवयीने श्रीरंगने खिशातले पेन काढले. हेमलताने ते हिसकावून घेतले. नातेवाइकाच्या रकान्यावर आडवी रेघ ओढली, कागद फाटेल इतकी. खाली स्वतःचे नाव लिहिले, स्वतःचा नंबर लिहिला, आकडा आकडा कोरून लिहिला. मग पेन टाकले, बाही सारली, आणि निळ्या शिरांचा तो हात सुईपुढे धरला.