रेघेचा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव जिभेला जड जात असेल तर सोडून द्या. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला शिपाई मला ‘रेघेचा टीव्ही’ म्हणायचा आणि मला त्याचा राग येत नसे. तारेतून आलेला विजेचा बारीकसा झटका काचेवर हिरव्या रेघेत दाखवायचा, एवढंच माझं काम. सगळं शांत असेल तर रेघ सरळ, काही हललं की तीही हलते.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यातला. लाकडी खोक्यात, पेंढ्याच्या गादीवर बसून रेल्वेने मी नांदेडला आलो आणि श्रीनाथ सरांच्या हाती लागलो. सर तरुण प्राध्यापक होते, नवनव्या सर्किटांचं त्यांना वेड होतं. त्यांच्याखेरीज मला हात लावायची मुभा फक्त अफसानाला, त्यांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीला होती. खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. सर माझ्या पत्र्याला कुंकवाचं एक बोट लावत आणि अफसाना लगेच मला चालू करून बघे.

मग त्र्याण्णव साली भूकंप झाला. लातूरकडची गावं दगडमातीखाली गाडली गेली. सरांनी मला जीपमध्ये घातलं. सोबत अफसाना, बॅटरी आणि जमिनीची थरथर टिपणारा, सरांनीच बनवलेला लिंबाएवढा सेन्सर. गावात घरांच्या जागी नुसते ढीग होते. सेन्सर दगडावर ठेवला की आसपास जराही आवाज चालत नाही, म्हणून रडणाऱ्या बायांपुढे सरांना हात जोडावे लागत. “जरा वेळ गप्प राहा,” असं ते विनवत. बहुतेक ढिगांवर माझी रेघ सरळच राहिली. लोक तिच्याकडे बघत आणि बाजूला होत.

एका ढिगावर बसवंत नावाचा तरुण गवंडी बसून होता. खाली त्याची आई होती, शरणम्मा.

“सर, रेघ हलून राहिली,” अफसाना हळूच म्हणाली.

तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन. शरणम्मा तांब्याने दगड ठोकत होती. बसवंतने नखं फुटेपर्यंत उकरलं आणि आई जिवंत निघाली. माझ्या काचेवरची धूळ पुसत तो म्हणाला, “सर, हे मशीन हाय तवर मातीखालचा मानूस एकला न्हाई.” तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

सरांनी नोकरी सोडून लातूरला कंपनी काढली. अफसाना तिथली पहिली इंजिनिअर. दोघांनी मिळून माझंच काम करणारं, हातात मावणारं यंत्र तयार केलं आणि त्याला ‘चाहूल’ नाव दिलं. दर तालुक्याला एक तरी असावं, एवढीच सरांची इच्छा होती. सरकारी कचेऱ्यांतले साहेब लोक चहा पाजत, पाठ थोपटत आणि पुढच्या वर्षी या म्हणत. भूकंप लोकांच्या डोक्यातून उतरत चालला होता. डेअऱ्यांसाठी दूध तपासायची यंत्रं बनवून कंपनीने काही वर्षं तग धरला, मग कंपनीही बसली.

तोवर लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. रेणापूरपासून पार नायगावपर्यंतचे आईबाप पोरांच्या ट्रंका घेऊन उतरू लागले. सरांचे थोरले भाऊ अनंतराव म्हणाले, “श्रीनाथ, लोकं लेकरं घेऊन दारात उभे हायत, अन् तू दगडं ऐकत बसलास. फिजिक्स शिकव.” सरांनी ऐकलं. चाहूलचे डबे भंगारात गेले. अफसाना पुण्याला निघाली तेव्हा माझ्यावर हात ठेवून म्हणाली, “सर, ह्याला महिन्यातून एकदा तरी चालू करत जा. बंद ठेवलं की आतून सडतंय.” सर हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

क्लास जोरात चालला. मला ऑफिसातल्या टेबलावर मांडलं, वर पाटी लावली: ‘याच यंत्राने भूकंपात जीव वाचवला.’ पालक मला नमस्कार करून प्रवेश घेत. खंडेनवमीला तर पोरांची रांग लागायची. मुठीने हळदकुंकू, अक्षता, पाण्याचे शिंतोडे. नारळही माझ्यापुढेच फुटायचा आणि पाणी वरच्या झरोक्यांतून आत झिरपायचं. अशी किती वर्षं गेली, पण मला चालू कुणी केलं नाही. ती फिजिक्स शिकणारी पोरं होती, म्हणून मला जास्तच राग येतो.

मग क्लासमागे वसतिगृह बांधायला काढलं. घरचा माणूस म्हणून सरांनी बसवंतलाच बोलावलं. येताजाता तो दारातून मला हात जोडायचा. प्रवेश सुरू व्हायच्या आत काम उरकायची अनंतरावांना घाई झाली होती. “स्लॅब अजून कच्चा हाय, मालक,” बसवंत म्हणाला. तरी त्यांनी खालचे टेकू काढायला लावले. स्लॅब कोसळला आणि बसवंत खाली सापडला.

सर धावत आले. माझ्या गळ्यातला हार तोडून त्यांनी मला उराशी धरलं आणि ढिगावर नेलं. “गप्प राहा,” ते ओरडले. सगळे गप्प झाले. सरांनी तोच जुना सेन्सर जोडला, खटका दाबला. माझ्या आत चर्र झालं, जळका वास आला आणि काच काळीच राहिली. ते पुन्हा पुन्हा खटका दाबत राहिले. कुठे उकरायचं ते कळेना, म्हणून रस्त्याच्या बाजूने सुरुवात केली. बसवंत मागच्या भिंतीकडे होता. त्याला काढलं तेव्हा अंग गार पडलं होतं. हातात थापी होती आणि तिच्या ठोक्यांनी शेजारच्या खांबाचे टवके उडाले होते, तीन-तीन करून, ओळीने खालपर्यंत. मी ऐकतोय अशी त्याची खात्री होती.

काही दिवसांनी शरणम्मा ऑफिसात आली. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “माझं ऐकलास. माझ्या लेकराचं का न्हाई ऐकलास?” विचारलं मला, पण बघत होती सरांकडे. ती गेल्यावर त्यांनी माझी पाठ उघडली. आत कुंकवाचा लाल चिखल होता, त्यात अक्षता चिकटल्या होत्या. ते तसेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

अफसानाने पुण्याहून येऊन मला दुरुस्त केलं. काम झाल्यावर सरांच्या घरचं पाणीही न घेता ती निघून गेली. क्लास आता अनंतराव चालवतात, आणि मी सरांच्या घरी असतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं यंत्र असेल, कुणाच्या तरी जिवासाठी ठेवलेलं. त्याला हार घालू नका असं मी म्हणत नाही. पण आधी चालू करून बघा, आत पाणी जाऊ देऊ नका, आणि ज्याने त्याच्यावर भरवसा ठेवलाय त्याची आठवण ठेवा.

सर रोज सकाळी मला चालू करतात. सेन्सर फरशीवर ठेवतात आणि माझ्यासमोर बसतात. रेघ सरळच असते. तरी बाहेर कुणी बोलत असेल तर ते दार उघडून हात जोडतात आणि म्हणतात, “जरा वेळ गप्प राहा.”