साडेसतरा फूट

डेल्मारने नवी बोट आणली, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. तळ्यावर आमचे धक्के शेजारी शेजारी. माझी जुनी, पत्र्याची, मासे धरायची. त्याची निळी, गाद्यांची. माझी बायको आर्डिस रोज सकाळी कॉफी घेऊन खिडकीत उभी राहायची नि म्हणायची, "काय शोभते नाही पाण्यावर?"

काउंटीच्या कचेरीत आम्ही एकाच दिवशी गेलो. मी नूतनीकरणाला, तो नव्या नोंदणीला. त्याने अर्जावर लांबी लिहिली अठरा फूट दहा इंच. सोळा फुटांच्या वर फी वाढते, एकोणिसाच्या वर आणखी. ती बोट वीस फुटांच्या खाली असणं शक्यच नव्हतं. सापडला, म्हटलं.

घरी येऊन मी तळ्याच्या तपासनिसांना फोन केला. नाव सांगितलं नाही.

"शेजाऱ्याची चहाडी करतोस?" आर्डिस म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

"नियम कसला, जळतोयस तू."

शनिवारी तपासनीस आली, पोरगेलीशी, हातात मोजायची फीत. मी मुद्दाम धक्क्यावर गळ साफ करत बसलो. तिने दोनदा मोजलं. अठरा फूट दहा इंच, बरोबर.

"आलेच आहे तर तुमचीही बघते, काका. कागद दाखवा."

मला नाही म्हणता येईना.

"कागदावर साडेसतरा आहे," ती म्हणाली. "ही तर साडेपंधराच भरते. सहा वर्षं तुम्ही वरची फी भरताय."

बाजूलाच उभा असलेला डेल्मार हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "चुकून लिहिलं गेलं असेल, व्हर्जिल," तो म्हणाला.

चुकून नव्हतं. त्याची आधीची बोट सतरा फुटांची होती, आणि माझ्या पहिल्या नोंदणीच्या वेळी कचेरीच्या खिडकीपाशी तो माझ्या मागेच उभा होता.

"चल, चक्कर मारू. आर्डिसलाही बोलाव," तो म्हणाला. गेलो. बोट लोण्यासारखी चालली. आर्डिस पुढे बसून लहान मुलीसारखी हसत होती. माझ्या बोटीत ती कधी अशी हसली नव्हती. मी पाण्याकडे बघत राहिलो.

सोमवारी कचेरीत दुरुस्तीचा अर्ज मागितला. "जादा भरलेले पैसे परत मिळतील," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. मी साडेपंधरा लिहिलं. रांगेत ओळखीचं कुणी नव्हतं, तरी लिहिताना डावा पंजा कागदावर आडवा धरला होता.